प्रॉम्प्टिंग ऐकू येत होतं

अडीचशे शब्द, अकरा वाजेपर्यंत.
डेस्कवर इंगवले जांभया देत बसलेला असतो,
त्याला संस्थेचं नाव हवं, नेपथ्य-प्रकाश-संगीत हवं,
आणि एखादं वाक्य, चौकटीत टाकण्याजोगं.
गावाचं परीक्षण तर नाटक सुटताच होऊन जातं
स्कूटरला किक मारता मारता:
‘लई भारी’ किंवा ‘न्हाई जमलं’.
उरलेले दोनशे अठ्ठेचाळीस शब्द माझे.

एकतीस वर्षं झाली. नोव्हेंबर, स्पर्धेची प्राथमिक फेरी,
दाराशी भडंगवाला,
आणि कडेची खुर्ची, जिचा डावा हात
माझ्या कोपरानं गुळगुळीत झालाय.
वहीत अंधारातच लिहितो, ओळी एकमेकींवर चढतात.
उजेडात आल्यावर माझं मलाच लागत नाही
मी कुणाला काय म्हणालो ते.

आज उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांचं नाटक.
पहिली पाळी करून आलेली पोरं,
राजाच्या नखांत अजून काळी वाळू.
दुसऱ्या अंकात तो थांबला.
सिंहासनावर हात, तोंड उघडं.
वहीत मी लिहिलंसुद्धा: ‘अर्थपूर्ण विराम’.
मग विंगेतून आलं:
‘माझ्या राज्यात विहिरींनाही कुलपं आहेत.’

हळूच म्हटलेलं.
पण एकेक अक्षर घुंगरासारखं सुटं,
माझ्या डोक्यावरून मागं गेलं,
बाल्कनीच्या भिंतीला लागून परत आलं.
पब्लिक हसलं. राजानं वाक्य उचललं, म्हटलं,
पण ते आधीच बोलून झालं होतं.

हुपरीची पद्मल मगदूम.
चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडता जोडता नाटकात आलेली,
तेव्हा एकोणीस वर्षांची.
मी सव्वीसचा, नवा,
धारदार दिसायची घाई झालेला.
लिहिलं होतं:
‘मगदूम यांचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही.’
इंगवलेच्या आधीच्या माणसानं ते चौकटीत टाकलं.
पुढच्या वर्षी कलाकारांच्या यादीत ती नव्हती.
त्याच्या पुढच्याही.
मी यादी बघायचो. मग बघायचं सोडलं.

खरं असं, की त्या रात्री
रंकाळ्यावर गप्पांत वेळ गेला, मी उशिरा पोचलो.
खुर्ची गेली होती. हॉल गच्च, उकाडा.
अगदी मागं, खांबावरच्या पंख्याखाली बसलो.
त्याचं एक पातं सैल होतं.
खट्, खट्, खट्, तिन्ही अंक.
परीक्षण मी पंख्याचं लिहिलं.

आता गंगावेशीत, म्हशीसमोर उभा,
एका हातात धारोष्ण दुधाचा ग्लास, मिशीला फेस,
दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवर लिहितोय.
नेपथ्य: जेमतेम.
प्रकाश: राजाचं तोंड सोडून सगळीकडे.
आणि शेवटचं वाक्य, दोषांच्या यादीतलं,
आमच्या धंद्यात हजारदा झिजलेलं:
‘प्रॉम्प्टिंग शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं.’
पुसलं. पुन्हा लिहिलं.
‘स्पष्ट’च्या आधी ‘अत्यंत’ घातलं.
दूधवाला म्हणाला, ‘गार हुतंय की ओ.’

सकाळी सातला दिग्दर्शकाचा फोन.
‘आमाला काय बोलायचं ते बोला, मावशीवर कशाला घसरला?
पैसा न्हाई, नाव न्हाई, तरी येत्यात बिचाऱ्या.
काल शेवटची हुपरी चुकली, आमच्यातच ऱ्हायल्यात.’
मी म्हटलं, अहो, ते तसं नाही.
कसं आहे, त्याला शब्द जुळवत होतो,
तेवढ्यात त्याच्या मागून, स्वयंपाकघरातून:
‘ऱ्हाऊ दे रे. ऐकू आलं म्हणायलेत न्हवं?’

कुकरची शिट्टी चालू होती,
तरी शब्द न शब्द आला.

पंख्याचं मी तिला अजून बोललेलो नाही.